‘कर’ व्हायचंय? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

आडनाव कुलकर्णी, चिटणीस किंवा देशमुख असलं की त्या घराण्यात कधीकाळी कुणाला कुठली नोकरी होती ते कळतं. गोडबोले, बुद्धिसागर असलं की शेजाऱ्यांचं मत कळतं. पण या मंडळींच्या वाट्याला एक सुख कधीच येत नाही: एसटीच्या पाटीवर स्वतःचं नाव वाचण्याचं. ते फक्त ‘कर’ लोकांच्या नशिबी. स्टँडवर ‘चिपळूण’ लिहिलेली गाडी लागली की फलाटावरचे चिपळूणकर उगीचच सावरून उभे राहतात. मग भले त्यांचा जन्म डोंबिवलीचा असो आणि त्यांना जायचं असो नाशिकला.

हे सुख आपल्यालाही मिळावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. जातिधर्माचीही नाही, ते पुढे येईलच. साहित्य म्हणून फक्त एक गाव लागतं.

पायरी पहिली: गाव सोडा

नवशिके इथेच फसतात. गावात राहून गावाचं नाव लावायला बघतात. चिपळुणात सगळेच चिपळूणचे. तिथे ‘ओ चिपळूणकर’ अशी हाक मारली तर अख्खी बाजारपेठ वळून बघेल. नाव चिकटायचं तर अशा ठिकाणी जावं लागतं, जिथे आपल्या गावचं दुसरं कुणी नाही आणि आपलं नाव मात्र दहा जणांना आहे. त्या दहा गणपतरावांतून आपल्याला वेगळं काढायला लोक गावाचं नाव वापरतात, आणि काम झालं. थोडक्यात, ज्या गावाचं आडनाव, त्या गावचे आपण आता राहिलेलो नाही, हा या आडनावाचा पहिला अर्थ.

थोरामोठ्यांची उदाहरणं बघा. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० साली जन्मले ते पुण्यात. गोपाळ गणेश आगरकर जन्मले कऱ्हाडजवळच्या टेंभूत, पण टेंभूकर काही झाले नाहीत. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांचं मूळ गाव मावळंगे संगमेश्वर तालुक्यात, जन्म बडोद्याचा आणि वकिली, राजकारण, सगळं अहमदाबादेत. अनिल काकोडकर आणि रघुनाथ माशेलकर हे दोन्ही शास्त्रज्ञ १९४३ सालचे, दोघांची गावं गोव्यातली. काकोडकरांचा जन्म मात्र मध्य प्रदेशातल्या बडवानीचा. माशेलकर माशेलातच जन्मले, म्हणजे नियम मोडला. पण शिकायला मुंबईला आले आणि नियम परत जागेवर बसला.

सगळ्यात लांबची मजल मल्हाररावांची. होळ गावचे म्हणून होळकर. पुढे माळव्यात राज्य उभं केलं, घराण्याची राजधानी इंदूर झाली, तरी इंदूरकर कुणी झालं नाही. त्यांच्याच बरोबरीचे शिंदे कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. ते ग्वाल्हेरला गेले आणि शिंदेच राहिले. ‘कण्हेरखेडकर’ नाण्यावर मावलं नसतं, एवढंच कारण असावं.

पायरी दुसरी: नाव ठेवायला दुसरा माणूस शोधा

हे आडनाव स्वतःचं स्वतः घेता येत नाही. निदान पूर्वी येत नसे. ते देणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला असे: शाळेतले मास्तर, पलटणीतला कारकून, गिरणीतला मुकादम. त्यानं विचारायचं, ‘नाव?’ आपण आपलं आणि वडिलांचं सांगायचं. ‘पुढे?’ इथे गप्प बसायचं. मग तो वैतागून विचारतो, ‘गाव कुठलं?’ आणि जे सांगाल ते, त्याला जसं ऐकू येईल तसं, तुमच्या सात पिढ्यांना चिकटतं. शाईचं पेन आणि घाईत असलेला कारकून यांच्या हातून महाराष्ट्राची जेवढी आडनावं घडली, तेवढी कुठल्याही राजाच्या सनदेनं घडली नसतील.

जुनं आडनाव असलं तरी बिघडत नाही, त्यावर नवं बसतं. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, गाव डफळापूर. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकरांचं घराणं मूळचं गाडगीळ, पलूसला राहिलं म्हणून पलुसकर. वारकरी संप्रदायात तर ही वहिवाटच आहे. कीर्तनकाराचं आडनाव कुणी विचारत नाही, गाव विचारतात. बाबामहाराज सातारकरांचं आडनाव गोरे होतं हे त्यांच्या कीर्तनाला पहाटेपर्यंत बसणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? तमाशातही तेच. नारायणगावच्या विठाबाई नारायणगावकर, वाईच्या यमुनाबाई वाईकर, कवलापूरचे काळू-बाळू कवलापूरकर. कनातीवरच्या बोर्डावर गाव ठळक हवं, नाहीतर जत्रेत गर्दी कुठल्या तंबूकडे वळणार?

एका नोंदीपाशी मात्र चेष्टा बाजूला ठेवून थांबलं पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळांचं गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. गावावरून आलेलं ते आडनाव शाळेच्याच दप्तरात ‘आंबेडकर’ या रूपात स्थिरावलं. ज्या पोराला वर्गात वेगळं बसवत, त्याचं नाव त्याच वर्गाच्या हजेरीतून देशाच्या राज्यघटनेपर्यंत गेलं. शाळेत नाव घातल्याचा तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पायरी तिसरी: सांधेजोड

गावाला ‘कर’ जोडताना गावाचा थोडा भाग तासावा लागतो. पुणे, ठाणे, पेडणे, वेंगुर्ले ही ‘ए’वाली गावं गरीब, काही न करता पुणेकर, पेडणेकर होतात. ‘आ’वाल्यांचं दोन प्रकारे होतं: साताऱ्याचा आणि शिरोड्याचा काना उडून सातारकर, शिरोडकर, बांद्याचा आणि म्हापशाचा ‘ए’ होऊन बांदेकर, म्हापसेकर. कुठल्या गावानं कुठल्या रांगेत उभं राहायचं हे गावकऱ्यांच्या जिभेनं ठरवलेलं आहे, व्याकरणकारांना त्यांनी बोलावलं नव्हतं. ‘ई’ शक्यतो गळते. बोरीचे बोरकर, केरीचे केरकर, रेडीचे रेडकर, साखळीचे साखळकर. कवी बा. भ. बोरकर याच बोरीचे. तेंडोलीचे तेंडुलकर होतात तेव्हा मधला ओकारही वळणाला लागतो.

वाईला मात्र हा नियम लावू नये. ई काढली तर हातात ‘वाकर’ उरतो.

सरावासाठी एक गृहपाठ. कोकण रेल्वेचं वेळापत्रक घ्या आणि रोह्यापासून खाली प्रत्येक स्टेशनाला ‘कर’ जोडत चला. चिपळूण, सावर्डे, राजापूर, नांदगाव, कणकवली, कुडाळ, झाराप, पेडणे: गाडी चालली आहे की शाळेत हजेरी चालली आहे ते कळेनासं होईल. मध्येच ‘सिंधुदुर्ग’ स्टेशन येईल, तिथे अडखळाल. सिंधुदुर्गकर कुणी नसतो. जिल्हे सरकारनं केले, आडनावं त्याच्या आधीच होऊन गेली होती.

कोकणाचा इतका उल्लेख का, असं देशावरचे वाचक विचारतील. देशावरही पैठणकर, जेजुरीकर, बीडकर आहेत, वऱ्हाडात अकोटकर आहेत. पण देशावर वतनं होती, हुद्दे होते, पाटीलकी-कुलकर्णीपणात आडनाव भागत असे. कोकणात पिकत होतं थोडं आणि खाणारी तोंडं फार. माणूस बोटीत बसून मुंबईला यायचा तेव्हा बरोबर न्यायला हुद्दा नसायचा, गावाचं नाव असायचं.

मुंबईचं क्रिकेट ही याची सगळ्यात चांगली पाटी. गावसकर, वाडेकर, वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर: धावफलक वाचताना तळकोकणातल्या एखाद्या तालुक्याची सभा भरल्यासारखं वाटतं. शिवाजी पार्कवर आचऱ्याच्या आचरेकरांनी तेंडोलीच्या तेंडुलकरला बॅट कशी धरायची ते शिकवलं. मालवण आणि कुडाळ तालुक्यांतल्या या दोन गावांनी आपसात जे केलं, त्याचं श्रेय दादरनं घेतलं.

पायरी चौथी: भेसळ ओळखा

शेवटी ‘कर’ दिसला म्हणून लगेच नकाशा उघडू नये. भांडारकर नावाचं गाव शोधू नका. ते भांडारावरून, म्हणजे कोठारावरून. आणि गावकरांना ‘कुठल्या गावचे?’ विचारण्याच्या फंदात पडू नका. गोव्यात गांवकार म्हणजे गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वंशज. गावची जमीन, देऊळ, बांध, सगळ्यात त्यांचा वाटा. पोर्तुगिजांनी १५२६ साली ही गावकारीची वहिवाट ‘फोराल’ नावाच्या सनदेत लिहून काढली, तीसुद्धा ती त्यांच्याही आधीपासून होती म्हणून. अशा माणसाला गावाचं नाव जोडायची गरज पडत नाही. तो गावाचा नव्हे, गाव त्याचं. आमच्या मार्गदर्शिकेचा त्याला काही उपयोग नाही.

उलट ‘कर’ नसलेली गावकरी आडनावंही आहेत. पुरंदरचे पुरंदरे, कोल्हापूरचे कोल्हापुरे. आणि कारवारच्या खाली उतरलं की ‘कर’ हळूहळू गळूनच पडतो. तिथले चित्रापूर सारस्वत घरात कोकणी बोलतात आणि गावाचं नाव नुसतंच लावतात, कानडी शेजाऱ्यांसारखं. हनगलच्या गंगूबाई हनगल, मन्सूरचे मल्लिकार्जुन मन्सूर ही झाली शेजाऱ्यांची रीत. तसेच सारस्वतांतले गिरीश कर्नाड. जन्म आपल्या माथेरानचा, १९३८ सालचा. आडनावातलं कर्नाड मंगळुराकडचं. गुरुदत्त पदुकोण जन्मले बंगळुरात. गाव सोडलं की आडनाव मिळतं हा नियम तिथेही तोच, फक्त शेपूट नाही.

गोव्यात आणखी एक गंमत. पोर्तुगिजांच्या रोमी लिखाणात ‘क’साठी ‘सी’ येत असे, म्हणून एकच साळगावकर कागदावर दोन प्रकारचे असतात. एकाला ‘के’ आहे, दुसऱ्याला ‘सी’. बँकेत खातं उघडताना दोघंही सारखेच दमतात.

पायरी पाचवी: ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला तोंड द्या

हा भाग नीट वाचावा. आडनाव मिळवणं सोपं आहे, ते चारचौघांत चालवणं अवघड. लग्नघरात जेवणाच्या पंगतीत शेजारी एक काका येऊन बसतात. टोपी काढून मांडीवर ठेवतात. पुढचा संवाद सगळीकडे सारखाच.

‘आपण?’

‘केरकर.’

‘वा! म्हणजे गोंयचे. तुमी खंयचे?’

‘पार्ल्याचा, काका.’

‘पार्ल्याचे तर सगळेच. मूळचे खंयचे?’

‘केरीचे.’

‘ते कळलं हो. कुठलं केरी?’

इथे नवशिका गार पडतो. कारण गोव्यात केरी तीन आहेत: एक फोंड्यात, एक सत्तरीत, आणि एक पेडण्यात, तेरेखोलच्या तोंडाशी. शिरोडे दोन, एक फोंड्यातलं आणि एक वेंगुर्ल्यातलं. साळगाव एक बार्देशात, एक कुडाळात. नांदगावकरांनी तर असा प्रश्न विचारणाऱ्यापासून दोन ताटं लांबच बसावं. राज्यात नांदगावं इतकी आहेत की उत्तर द्यायला मठ्ठा संपेपर्यंत वेळ लागेल.

काकांना भूगोलाची आवड आहे असा समज करून घेऊ नका. त्यांना जे विचारायचं आहे ते आडनावातून कळलेलं नाही, आणि सरळ विचारणं आता बरं दिसत नाही. म्हणून केरी, मग देऊळ, मग कुलदैवत, मग ‘अमुक तुमचे कोण?’ असे ते जिन्यानं खाली उतरत असतात. याचं कारण उघड आहे. देशपांडे म्हटलं की काकांना अर्धी माहिती मिळते. चिपळूणकर म्हटलं की काहीच मिळत नाही. चिपळूणकर ब्राह्मण असतो, मुसलमान असतो, आणखी कुणीही असतो. दाभोळकर, श्रीवर्धनकर ही आडनावं कोकणी मुसलमानांतही आहेत. गाव सगळ्यांना सारखंच नाव देतं, काकांची पंचाईत तिथेच होते. आमचा सल्ला: उत्तर तालुक्यापर्यंत द्यावं, त्यापुढे जिलेबी मागवावी.

या समान वाटपाचा सर्वांत लांब गेलेला नमुना म्हणजे कोकणातले ज्यू, बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावाच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात गावोगाव पांगले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. त्यांची आडनावं वाचा: पेणकर, किहीमकर, आवासकर, चेऊलकर, राजपूरकर, अष्टमकर. पेणेला गणपती करणारे आणि इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना या शहरांत शब्बाथ पाळणारे पेणकर, दोघांचंही मूळ एसटीच्या एकाच स्टँडवर. १९४८ नंतर ही मंडळी मोठ्या संख्येनं तिकडे गेली. हिब्रू शिकली, पण किहीम आडनावातून काढलं नाही. पहिल्या पायरीवर आम्ही जे सांगितलं, त्याचा याहून पक्का पुरावा शोधायला नको.

पायरी सहावी: लग्न (फक्त स्त्रियांसाठी)

बायकांना हे आडनाव फारशी खटपट न करता मिळतं. न पाहिलेलं गाव लग्नाच्या दिवशी आयतं नावाला लागतं. गायिका सुमन कल्याणपूर माहेरच्या हेम्माडी. हेम्माडी कुंदापूरजवळ, कल्याणपूर उडुपीजवळ. आपल्या कल्याणचा त्यात काही संबंध नाही, रेल्वेनं शोधू नये. मोगूबाई कुर्डीकरांची मुलगी किशोरी आमोणकर झाली. आईचं गाव कुर्डी, मुलीच्या नावात आमोणे, आणि दोघी राहिल्या मुंबईत.

पण गाणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे प्रकरण एवढ्यावर उडवून लावता येत नाही. गोव्यातल्या देवळांशी जोडलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींना बापाचं आडनाव मिळण्याची सोय समाजानं ठेवलेली नव्हती. बाप माहीत असायचा, त्याचं नाव लावायची परवानगी नसायची. मग त्यांनी गावाचं लावलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. भाऊ सुरेशबाबू माने झाले, हिराबाई बडोदेकर. ज्या समाजानं नाव नाकारलं त्यानंच पुढे तिकीट काढून ‘केसरबाई केरकर’ अशा पाट्यांखाली रांगा लावल्या. बाकीच्यांसाठी गावाचं आडनाव ही सोय होती. या बायकांनी ते मिळवलं होतं.

केसरबाईंचं केरी फोंड्यातलं, हे काकांसाठी नोंदवून ठेवतो. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली तेव्हा सोबतच्या सोनेरी तबकडीत पृथ्वीवरचं निवडक संगीत भरलं. भारताच्या वाट्याची एकच चीज त्यात आहे, केसरबाईंची भैरवी. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ आंतरतारकीय अवकाशात पोचलं. गाव सोडण्याच्या बाबतीत केरकरांचा हा विक्रम यापुढे मोडला जाईल असं दिसत नाही.

मोगूबाईंच्या गावानं उलट केलं. इथे गावानंच माणसांना सोडलं. १९०४ साली मोगूबाई जन्मल्या ते कुर्डी सांगे तालुक्यात. साळावलीचं धरण झालं आणि कुर्डी पाण्याखाली गेली. माणसं हलवून दुसरीकडे वसवली. दक्षिण गोव्याच्या नळांना त्या धरणाचं पाणी येतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्यात गाव वर येतं. भेगाळलेला गाळ, त्यातून डोकावणारे चिऱ्यांचे चौथरे, वठलेल्या झाडांचे बुंधे, सोमेश्वराचं छोटं देऊळ. जुने रहिवासी त्या दिवसांत जमतात, देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाचं फेस्त करतात. आपलं घर कुठे होतं ते नातवंडांना बोट दाखवून सांगतात, आणि पाऊस लागायच्या आत परततात.

वरचेवर विचारल्या जाणाऱ्या शंका

गावाचं नाव सरकारनं बदललं तर? घाबरू नये. अहमदनगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं. नगरकरांच्या रेशनकार्डावर एक अक्षर हललं नाही. पूर्वजांनी पुढचा शब्द गाळून ठेवला, याला दूरदृष्टी म्हणतात.

गावी वर्षातून किती वेळा जावं? गणपतीला आणि जत्रेला. त्याहून जास्त गेल्यास गावातले लोक जमिनीचा विषय काढतात.

गावातले लोक आपल्याला ओळखतील का? ओळखतील, पण आडनावानं नाही. तिथे तुम्ही अमक्याचे नातू, खालच्या वाडीतले. आडनाव सांगितलंत तर हसतील.

पासपोर्टवर ठाणे आहे, राहतो न्यू जर्सीत. मी ठाणेकर होऊ शकतो का? इथे आम्हाला वाईट बातमी द्यावी लागते. नियमानं तुम्ही पात्र आहात: गाव सोडलंत, लांब गेलात, तिथे तुमच्या नावाचे दहा जण आहेत. पण टेबलापलीकडचा कारकून आता राहिला नाही. त्याच्या जागी आधार आहे, पॅन आहे, आणि त्यांना ‘गाव कुठलं?’ असा प्रश्न पडत नाही. कुलकर्णी म्हणून विमानात बसाल तर कुलकर्णी म्हणूनच उतराल. फारच हौस असेल तर प्रतिज्ञापत्र करून शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणता येतो. मात्र ते नाव तुम्ही स्वतः घेतलेलं असेल, लोकांनी दिलेलं नाही, आणि पंगतीतले काका ते दोन प्रश्नांत ओळखतील.

तेव्हा होतकरूंनी ही मार्गदर्शिका मिटवून ठेवली तरी चालेल. मिळायची ती आडनावं मिळून झाली; आता ती वारशानं येतात किंवा लग्नानं. ज्यांच्याकडे आहेत त्यांना मात्र एक विनंती. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर या रविवारी जवळ बसून विचारून घ्या: कुठलं केरी, कुठलं नांदगाव, कुठलं शिरोडं? आणि तालुक्यासकट वहीत लिहून ठेवा. आडनाव पुढच्या पिढीला आपोआप जातं, तालुका जात नाही.